पाळणाघराचा ताळेबंद



पाळणाघर हा शब्द उच्चारला की आपल्याकडे चर्चा तत्काळ संस्कारांकडे वळते. मातेने अर्थार्जनासाठी घराबाहेर पडावे की नाही, आजीची जागा पगारी बाई घेऊ शकेल काय, यावर परिसंवाद रंगतात. त्या चर्चेचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु तिच्या ओघात एक साधी गोष्ट नजरेआड होते. पाळणाघराला जागा लागते, दूध आणि खिचडी लागते, आणि मुलांना सांभाळणाऱ्या दोन भगिनींच्या हातावर महिनाअखेरीस काही रक्कम ठेवावी लागते. बांधकामावर विटा वाहणाऱ्या किंवा उसाच्या फडात मोळ्या बांधणाऱ्या मातेपुढे कामावर जावे की न जावे हा प्रश्नच नसतो. ती जातेच. तिचे तान्हे मूल दिवसभर कोणाजवळ राहते आणि त्याचा खर्च कोण सोसतो, एवढेच विचारायचे उरते. शासनाचे धोरण पाळणाघराच्या जमाखर्चात कसे उतरते, हा म्हणूनच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या क्षेत्रात शासनाच्या आधी समाज पोहोचला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ या, या विचारातून 'अंगणवाडी' साकारली. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी केली. इमारत जेथे उभी राहत असे तेथेच पाळणाघर मांडायचे आणि मजुरांचा तळ हलला की तेही हलवायचे, अशी ती पद्धत.

शासनाने पुढे यातील कल्पना उचलल्या, ही आनंदाचीच बाब होय. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. मात्र ही अंगणवाडी दिवसातील काही तासच भरते. आठ तास राबणाऱ्या मातेच्या सहा महिन्यांच्या बाळाची सोय तीत होत नाही. त्या गरजेसाठी १९७५ पासूनच स्वयंसेवी संस्थांना पाळणाघरांसाठी अनुदान देण्याची वेगळी योजना होती. १९९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी स्थापन झाला आणि १ जानेवारी २००६ पासून दोन्ही एकत्र करून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना आकारास आली. या योजनेचा हिशेब मुळातून पाहण्यासारखा आहे.

पंचवीस मुलांचे एक पाळणाघर, त्यात दोन सेविका. प्रत्येकीस दरमहा १,००० रुपये, म्हणजे २,००० रुपये मानधन. पूरक आहारासाठी दर मुलामागे रोज २ रुपये ८ पैसे, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,३५२ रुपये. औषधे व किरकोळ खर्चासाठी ३५० रुपये. मानधन पूर्ण शासनाचे. उरलेल्या दोन बाबींचा ९० टक्के भार शासनाचा, १० टक्के संस्थेचा. त्यामुळे शासनाकडून येणारी कमाल रक्कम होती दरमहा ३,५३२ रुपये. एका मुलामागे दिवसाला साडेपाच रुपयेही नव्हेत.

कागदावर संस्थेचा वाटा केवळ १७० रुपयांचा दिसतो. पण जागेचे भाडे या हिशेबात नव्हते. वीज, सतरंज्या, खेळणी, हिशेब तपासनिसाचे शुल्क यांसाठी वेगळी तरतूद नव्हती. पालकांकडून घ्यायचे शुल्कही शासनानेच ठरविलेले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी दरमहा २० रुपये, इतरांसाठी ६०. पंचवीसही मुले गरिबांची असतील तर महिन्याला ५०० रुपये जमा होणार. वस्तीतील एखादी खोली तेवढ्यात मिळते काय, याचे उत्तर कोणत्याही शहरातील गृहिणी देऊ शकेल.

अनुदानाची रक्कम शासन ठरविणार, शुल्काची मर्यादाही शासन ठरविणार, मात्र खर्च बाजारभावाने होणार, अशी ही त्रिस्थळी यात्रा होती. या तिन्हींचा मेळ बसला नाही की तूट येते आणि ती कोणाला तरी भरावी लागते. संस्थेला दाते असतील तर ते भरतात. दाते नसतील तर ती शेवटी सेविकेच्या पदरातून भरली जाते. महिन्याला १,००० रुपये म्हणजे कामाच्या दिवसाला ३८ रुपये. त्याच काळात केंद्र शासनाने सुचविलेले किमान वेतनाचे राष्ट्रीय तळपातळीचे प्रमाण दिवसाला ६६ रुपये होते. ते २००९ मध्ये १०० आणि २०१५ मध्ये १६० रुपयांवर गेले, तरी पाळणाघरातील सेविका १,००० रुपयांवरच थांबलेली होती.

हे कसे चालू शकले? याचे उत्तर 'मानधन' या एका शब्दात दडलेले आहे. शब्द मोठा गौरवाचा आहे. व्याख्यात्याला, कीर्तनकाराला मानधन देतात, कारण त्याच्या विद्येचे मोल करता येत नाही अशी भावना असते. शासकीय भाषेत मात्र या शब्दाचा उपयोग नेमका उलट झाला. मोल ठरवायचे नाही, म्हणून ते द्यायचेही नाही! अंगणवाडी सेविकांच्या उपदानाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने उपदानाचा कायदा त्यांना लागू असल्याचा निर्णय दिला. शब्दाच्या आडोशाने श्रम झाकता येत नाहीत, हाच त्या निर्णयाचा मथितार्थ.

१ जानेवारी २०१७ पासून योजनेचे स्वरूप बदलले. ती राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली आणि राज्यांमार्फत राबविली जाऊ लागली. सेविकेचे मानधन ३,००० आणि मदतनिसाचे १,५०० रुपये झाले. वाढ स्वागतार्ह होती, पण दिवसाच्या हिशेबाने ती अनुक्रमे ११५ आणि ५८ रुपये भरते. त्याच वर्षी जूनमध्ये तळपातळीचे वेतन १७६ रुपये झाले. दुसरा बदल अधिक दूरगामी ठरला. खर्चाची विभागणी बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० टक्के अशी झाली. पूर्वी एकाच तिजोरीतून येणारा पैसा आता दोन तिजोऱ्यांतून येऊ लागला. राज्याने आपल्या अंदाजपत्रकात तरतूद केली नाही, किंवा उशिरा केली, तर पाळणाघराचे पैसे वाटेतच अडतात. मागील हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र पोहोचल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही, हा शिरस्ता आहेच. मोठ्या संस्थेजवळ गंगाजळी असते, ती सहा महिने कळ काढू शकते. एखाद्या वस्तीतील महिला मंडळाजवळ ती नसते. बाळाचे दूध मात्र उपयोगिता प्रमाणपत्राची वाट पाहू शकत नाही.

परिणाम आकड्यांत उमटला. २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशात या योजनेखालील सुमारे २३ हजार पाळणाघरे होती. २०२० पर्यंत ती साडेसहा हजारांच्या आत आली. कागदोपत्रीच चालणारी काही केंद्रे या निमित्ताने गळाली असतील, हे मान्य करू. तरीही चारांतील जवळजवळ तीन केंद्रे दिसेनाशी होणे ही केवळ शिस्तीची किमया म्हणता येणार नाही. योजना रद्द झाल्याची घोषणा कोणी केली नव्हती. ताळेबंद जुळेना, म्हणून दारे बंद झाली.

हा दोष केवळ आपल्या देशाचा नाही. इंग्लंडसारख्या संपन्न देशातही तोच पेच वेगळ्या रूपात दिसतो. तेथे सप्टेंबर २०१७ पासून नोकरदार पालकांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांना शालेय सत्राच्या काळात आठवड्याला ३० तासांचा सांभाळ 'मोफत' मिळू लागला. सप्टेंबर २०२५ पासून ही सवलत नऊ महिन्यांच्या बालकापर्यंत पोहोचली आहे. पालकांना मोफत असलेल्या तासाचे पैसे शासन बालवाडीला देते, पण किती? २०२१ मध्ये माहितीच्या अधिकारातून उघड झालेल्या शासकीय कागदपत्रांनुसार २०२०-२१ साठी एका तासाचा पूर्ण खर्च ७.४९ पौंड धरलेला होता आणि प्रत्यक्षात सरासरी ४.८९ पौंड दिले जात होते. ही तूट तेथील बालवाड्यांनी बराच काळ लहान बालकांच्या पालकांकडून जादा शुल्क घेऊन भरून काढली. आता त्या बालकांचेही बहुतांश तास शासनाच्या दराने भरायचे, म्हणजे तूट ढकलायला जागाच कमी उरली. आपल्याकडील वस्तीतल्या पाळणाघराजवळ अशी जादा शुल्क देणारी मुले कधीच नव्हती, एवढाच काय तो फरक.

आपल्या कायद्याने दुसरा एक मार्गही चोखाळून पाहिला आहे. खर्चाचा भार मालकावर टाकण्याचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक होते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर ते बंधन आले आणि मातेला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे बंधन कायम आहे. कर्मचारी मोजताना स्त्री-पुरुष सर्व मोजायचे, हे यातील शहाणपण. नाहीतर तिसावी स्त्री ओलांडायची नाही, असा हिशेब मालक करू शकतो. यामुळे मोठ्या कंपन्यांशी करार करणाऱ्या शहरी पाळणाघरांना स्थिर उत्पन्नाचा आधार मिळू शकतो. परंतु घरकाम करणारी, भाजी विकणारी, शेतमजूर भगिनी कोणत्याही आस्थापनेच्या पटावर नसते. जिला पाळणाघराची सर्वाधिक निकड, तिच्यापर्यंत हा कायदा पोहोचतच नाही.

२०२२ पासून केंद्र शासनाने 'मिशन शक्ती'अंतर्गत 'पाळणा' योजना आणली असून अंगणवाडीतच पाळणाघर जोडण्याची कल्पना तीत आहे. तयार जागा वापरल्याने भाड्याचा प्रश्न बराचसा सुटतो, ही जमेची बाजू. उद्दिष्ट १७ हजार केंद्रांचे ठेवले गेले. देशातील अंगणवाड्या सुमारे १४ लाख. शंभरांतील जेमतेम एका अंगणवाडीपुरती ही सोय होय. मानधन वाढले आहे, पण नाव अजून मानधनच आहे.

मग करायचे काय? प्रथम एका मुलाच्या सांभाळाचा खरा खर्च मोजावा आणि अनुदान त्यावरून ठरावे. अनुदान महागाईशी जोडावे, म्हणजे अकरा-अकरा वर्षे एकच आकडा गोठून राहणार नाही. हप्ता तिमाहीच्या आरंभी आगाऊ मिळावा. सेविकेला किमान वेतनापेक्षा कमी मोबदला देणारी कोणतीही योजना शासनाने स्वतःच्या नावाने चालवू नये. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठीच गोळा होतो. त्यातून बांधकामस्थळीच्या पाळणाघरांची कायम सोय व्हावी.

शासनाने सर्व करावे आणि समाजाने स्वस्थ बसावे, असा याचा अर्थ नव्हे. मंदिराचे सभागृह, मंडळाची खोली, बंद पडलेली शाळा दिवसा पाळणाघराला देता येते. जागेचा खर्च समाजाने उचलला तर अनुदानाचा प्रत्येक रुपया मुलांपर्यंत आणि सेविकेपर्यंत जाईल. सेवाभाव हा आपला ठेवा आहे. मात्र तो विश्वस्तांनी, दात्यांनी आणि शासनानेही दाखवायचा असतो. दिवसभर दुसऱ्यांची मुले सांभाळून संध्याकाळी स्वतःच्या मुलांसाठी पीठमीठ घेऊन घरी जाणाऱ्या भगिनीनेच तो एकटीने दाखवावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. आपापल्या वस्तीत पाळणाघर आहे काय, आणि तेथील सेविकेला किती पैसे मिळतात, एवढी चौकशी येथे जमलेल्या प्रत्येकाने या आठवड्यात करावी, ही विनंती.