अंगणातली शाळा : ताराबाई मोडक



हैदराबादेतील मलकपेठ ही अनेक भाषांची पेठ आहे. येथे तेलुगू, उर्दू आणि मराठी शेजारधर्माने नांदत आल्या आहेत. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. परंतु या शहरातला मराठी माणूस आपली विवेकवर्धिनीसारखी विद्यालये आणि आपली भाषा सांभाळीत येथेच राहिला. या तिन्ही भाषा बोलणाऱ्या घरांत एक शब्द मात्र सारखाच उच्चारला जातो. तो म्हणजे ‘अंगणवाडी’. तेलुगू लिपीतील पाटीवर हा शब्द वाचणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की तो महाराष्ट्राच्या समुद्रकाठी, एका शिक्षिकेच्या कामातून जन्मास आला? त्या शिक्षिका म्हणजे ताराबाई मोडक. त्यांचे स्मरण आज करावयाचे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. मुलीने चार इयत्ता शिकणे हेच जेथे पुष्कळ समजले जाई, त्या काळात १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही. १९२१ साली लहानग्या मुलीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या स्त्रीने हा निर्णय घेणे म्हणजे काय, हे आज कल्पनेनेच जाणावे लागेल. नवरा जिवंत असता माहेरी परतलेली स्त्री म्हणून खाली मान घालून जगणे, हा एक मार्ग समाजाने तिच्यासाठी मोकळा ठेवला होता. ताराबाईंनी तो पत्करला नाही. त्यांनी शिक्षिकेचा पेशा पत्करला.

राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयात त्यांनी प्राचार्यपद सांभाळले. नोकरी प्रतिष्ठेची होती. तरीही ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करण्यास गेल्या. आपल्या मुलीला कसे शिकवावे हा आईचा प्रश्न आणि मूल कसे शिकते हा शिक्षिकेचा प्रश्न, हे दोन्ही त्यांच्या ठायी एकत्र आले होते. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मादाम माँटेसरींची पद्धत अभ्यासिली. मुलाला मारू नये, भिववू नये, त्याच्या हातांना काम आणि मनाला मोकळीक द्यावी, ही शिकवण तेव्हा पुष्कळ पालकांना चमत्कारिक वाटे. छडीवाचून विद्या येते यावर कोणाचा विश्वास बसणार? या विचाराच्या प्रसारासाठी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

येथेच त्या थांबल्या असत्या, तरी एक थोर शिक्षिका म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु शहरातील सुस्थित घरांतली मुलेच तेवढी बालशिक्षणाची धनी का असावीत, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या खेड्यात गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या आणि ती सोबत अखेरपर्यंत टिकली.

तेथे एक अडचण उभी राहिली. बालवाडी उघडली, पण गरिबांची मुले तिच्यापर्यंत येत ना. तेव्हा ताराबाईंनी सरळ हिशेब केला : मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. वस्तीतल्या एखाद्या अंगणात शिक्षिका जाऊन बसे. मुलांची तोंडे धुणे, नखे कापणे, केस विंचरणे येथपासून शिक्षणास प्रारंभ होई. मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरींची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख-शिंपले, पाने, बिया, खडे आले. हीच अंगणवाडी होय.

पुढे १९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे ध्यानात आले, की मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. प्रत्येक वेळी मुलाची अडचण आधी पाहिली गेली आणि शाळेची घडी मागाहून बसविली गेली. त्यांच्या साऱ्या शिक्षणशास्त्राचे सार एवढेच आहे, असे मला वाटते.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

अशा जीवनाचा गौरव करताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. शेकडो मुलांची आई झालेल्या या स्त्रीला स्वतःचे तिघांचे घर लाभले नाही. रत्नाकर मतकरी यांनी तिच्या जीवनावरून ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक लिहिले. त्याचे नावच ही उणीव सांगते. त्यागाच्या कथा आपण आवडीने ऐकतो. पण शिक्षिकेने आणि आईने एकाच वेळी पुरे पडावे यासाठी समाजाने काय केले, हे विचारीत नाही.

तो प्रश्न आजही जुना झालेला नाही. मलकपेठेत काय किंवा मराठवाड्यात काय, अंगणवाडीतील सेविका मुलांचे वजन घेते, पोषणाची नोंद ठेवते, आणि या सर्वांतून वेळ उरला तर गाणे शिकविते. तिला मिळते ते मानधन; पगार नव्हे. ताराबाईंच्या अंगणात गाणे पहिले होते. ते पुन्हा पहिले व्हावे आणि ते शिकविणारीला शिक्षिकेचा मान व मोबदला मिळावा, याहून ताराबाईंचे योग्य स्मारक दुसरे कोणते असणार?