दारू सुटतांना घराचें कर्तव्य

मद्यपानाच्या दुष्परिणामांविषयीं आपण सर्वांनीं पुष्कळ ऐकलें आहे. आणि ज्या घरांत हें दुःख शिरलें आहे, त्या घराला तें कोणीं सांगावयाची आवश्यकताच नसते. म्हणून आज मी दारूची निंदा करणार नाहीं. पिणारा मनुष्य ती सोडावयास निघाला म्हणजे त्याच्या आईनें, पत्नीनें, भावानें काय करावें व काय टाळावें, एवढ्याच प्रश्नाचा आपण विचार करूं.

हा प्रश्न आपल्या वऱ्हाडाला नवा नाहीं. श्रीगाडगेबाबांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेणगांवीं झाला. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायीं अकालीं गेले आणि लहानग्या डेबूला घेऊन सखुबाईंना मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरे येथें माहेरचा आश्रय घ्यावा लागला. पुढें याच डेबूनें आपल्या मुलीच्या बारशाला मद्यमांसाची चाल मोडून गोड जेवण घातलें. पितो एक आणि भोगतें सारें घर, हें त्यानें बालपणींच पाहिलें होतें.

आपल्याकडे दारू सोडण्याची रूढ रीत म्हणजे शपथ. देवापुढें नेतात, मुलाच्या डोक्यावर हात ठेवावयास लावतात आणि त्या घटकेपासून बाटली बंद! निश्चय स्तुत्यच, परंतु वर्षानुवर्षें रोज पिणाऱ्याचें शरीर त्या शपथेनें बांधलें जात नाहीं. मद्य मेंदूला गुंगवितें. त्या गुंगीशीं झुंजतां झुंजतां मेंदू स्वतःला सदैव उत्तेजित ठेवावयास शिकतो. दोघांनीं ताणलेला दोर एकानें अवचित सोडला तर दुसरा जसा कोसळतो, तशीच मद्य एकाएकीं बंद झालें असतां शरीराची गत होते.

शेवटच्या पेल्यानंतर साधारणतः सहा ते चोवीस तासांत हात थरथरूं लागतात, घाम सुटतो, मळमळतें, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येण्याचें भय असतें. दुसऱ्यापासून चौथ्या दिवसापर्यंत कांहींना भ्रम होतो. दिवस कीं रात्र हें कळत नाहीं, भिंतीवर किडे दिसतात, समोर नसलेल्या माणसांशीं बोलणें सुरू होतें. नेमक्या याच वेळीं कित्येक घरें देवऋषीकडे धांव घेतात. श्रोतेहो, ही बाहेरची बाधा नव्हे. हा जिवावर बेतणारा आजार आहे. अशा वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विनाविलंब रुग्णालय गांठावें.

म्हणून पहिलें पथ्य असें, कीं शपथेच्या आधीं डॉक्टर. रोज पिणाऱ्यानें, विशेषतः पूर्वीं झटके आलेल्यानें, डॉक्टरांना भेटण्यापूर्वीं घरच्या घरीं दारू एकदम तोडूं नये. मेंदूला शांत ठेवणारीं औषधें योग्य प्रमाणांत देऊन व तीं क्रमाक्रमानें कमी करून हा कठीण काळ पार पाडतां येतो. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वही देतात. त्याच्या अभावीं स्मरणशक्तीची कायमची हानि होऊं शकते. अमरावतीस इर्विन व अकोल्यास सर्वोपचार रुग्णालय आहे. तेथें चौकशी करण्यांत कसलाही कमीपणा नाहीं. १४४४६ या शासकीय क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो.

दुसरें पथ्य : भाजींत किंवा चहांत चोरून कसलीही पूड घालूं नये. कांहीं औषधें अशीं असतात, कीं तीं पोटांत असतांना मनुष्य प्याला तर प्राणावर बेतूं शकतें. शिवाय हें कपट उघडकीस आलें कीं घरच्या अन्नावरचा त्याचा विश्वास उडतो, तो निराळाच.

तिसरें पथ्य वाणीचें. नशेंतल्या माणसाशीं वाद घालणें व्यर्थ होय; बोलावयाचें तें सकाळीं, शुद्धीवर असतांना, थोडक्यांत बोलावें. परंतु प्रेम म्हणजे पांघरूण घालणें नव्हे. त्याचें उधार फेडणें, कचेरीला खोटें कारण कळविणें, यांनीं रोगाचें आयुष्य वाढतें. बापाच्या रजेची चिठ्ठी लिहिणारा नववीतला मुलगा मीं पाहिला आहे. शुद्धलेखन निर्दोष, मजकूर सर्वस्वी खोटा! त्या मुलाला हा धडा कोणीं दिला, याचा घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं विचार करावा. आणि हात उगारला जात असेल, तर बाईनें मुलांसह आधीं सुरक्षित जागीं जावें; तेथें सहनशीलता हा सद्गुण नव्हे.

चौथें पथ्य धीराचें. शरीर कांहीं दिवसांत सांवरतें, मनाची ओढ फार काळ टिकते. १९३५ सालीं अमेरिकेंत एक शेअर-दलाल व एक डॉक्टर, दोघेही मद्यासक्त, एकमेकांच्या आधारानें सांवरले आणि त्यांतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ निघाली. पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण उभारलें, त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचें अर्थसाहाय्य लाभलें. समदुःखी मित्र आणि समजदार घर यांखेरीज औषध अपुरें पडतें, हेंच या प्रयत्नांचें सार आहे.

एखादे दिवशीं तो पुन्हां पिऊन येईल. तेव्हां ‘सारें संपलें’ असें म्हणूं नका. मधुमेहाची साखर पुन्हां चढली म्हणून आपण रोग्याला घराबाहेर काढीत नाहीं. पुन्हां डॉक्टरांकडे नेतों. येथेंही तेंच करावयाचें आहे, आणि पहिल्यापेक्षां लवकर करावयाचें आहे.