टॉपच्या आत वायर कशी धरावी

आमच्या बचत गटाकडून तुम्ही आजवर पापड, शेवया आणि कर्जाचे हप्ते यांच्याच गोष्टी ऐकल्यात. आज आम्ही थ्री-पिन टॉप उघडून बसणार आहोत. हसू नका. तो वेळेवर उघडला असता तर आमच्या मावशींचा हात भाजला नसता.

आमच्या गटाने कर्ज काढून दोन एचपीचं मिरची कांडप यंत्र घेतलं. मिरचीचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, वर्षाचे बरेचसे हप्ते त्यातच निघतात. त्यामुळे दिवसभर गडबड. झाडताना यंत्र इकडे-तिकडे सरकवायचं आणि संध्याकाळी टॉप काढायचा तो वायरीलाच धरून ओढून. आम्ही सगळ्याच ओढायचो. तुम्हीही ओढता, आम्हाला माहीत आहे. टॉप हाताला गरम लागायचा, तेव्हा म्हणायचो, उन्हाळाच आहे.

मग एके दिवशी मावशींनी यंत्राच्या पत्र्याला हात लावला आणि त्या चिकटल्या. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच बंद केला म्हणून वाचल्या. बोटांवरचे डाग अजून आहेत. ऐन हंगामात यंत्र आठ दिवस बंद राहिलं, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

प्रश्न एकच होता. यंत्राला अर्थिंग होतं, मग शॉक बसला कसा?

आयटीआयमधून निवृत्त झालेले एक सर आमच्या तालुक्यात राहतात. त्यांनी तो टॉप आमच्यासमोर टेबलावर उघडला. आत हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर आपल्या स्क्रूमधून निसटली होती आणि तिचं मोकळं टोक फेजच्या पिनेला टेकलं होतं. म्हणजे जी वायर आम्हाला वाचवायला घातली, तिनेच वीज थेट पत्र्यावर नेली. अर्थिंग तुटलेलं, त्यामुळे एमसीबीही पडला नाही.

आता ती निसटली का, ते ऐका. आमच्या गटातल्या बायका कापडी पिशव्या शिवतात. पिशवीचा बंद आम्ही एका टिपेवर कधी सोडत नाही. चौकोनी टीप घालून वर फुली मारतो, कारण ओझं तिथे येतं. टॉपचंही तसंच आहे. आतल्या स्क्रूचं काम वीज पुढे नेणं. ओढ सोसणं हे त्याचं काम नाही. त्यासाठी टॉपमध्ये वायर शिरते त्या तोंडाशी दोन स्क्रूंची एक आडवी पट्टी असते. ती वायरीच्या बाहेरच्या जाड आवरणाला दाबून धरते. बाहेरून कितीही ओढा, ओढ त्या पट्टीपाशी थांबली पाहिजे. आमच्या टॉपमध्ये पट्टी होती, पण बाहेरचं आवरण इतकं मागेपर्यंत सोललं होतं की पट्टीखाली नुसत्या तीन बारीक वायरी होत्या. रोजची ओढ सरळ स्क्रूवर जात होती.

दुसरी चूक तर बघायला छान दिसत होती. तिन्ही वायरी सारख्या लांबीच्या, अगदी नीटनेटक्या कापलेल्या. पण अर्थिंगचा स्क्रू वायरीच्या तोंडापासून सगळ्यात लांब असतो. म्हणून हिरवी वायर ताणून बसवली गेली आणि पहिल्यांदा तीच सुटली. ती बोटाच्या पेराएवढी सैल ठेवायची असते, म्हणजे झालाच घोटाळा तर फेज आणि न्यूट्रल आधी सुटतील, अर्थिंग शेवटी. टॉपची अर्थिंगची पिनही लांब असते ती याच विचाराने. लावताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. ज्यांनी हा टॉप घडवला त्यांनी आपल्या ओढाओढीचा विचार आधीच करून ठेवला होता. बसवणाऱ्याने तो केला नाही.

आणि टॉप गरम का व्हायचा? वायरीच्या टोकाला शिसं लावून मग ते स्क्रूखाली दाबलं होतं. आम्हाला वाटायचं, शिसं लावलं की पक्कं. सर म्हणाले, उलट आहे. शिसं मऊ. दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि स्क्रू आपोआप सैल होतो. सैल जोडात विजेला अडथळा होतो आणि तिथे उष्णता तयार होते. आमचं यंत्र भरात असताना दहा अँपिअरच्या आसपास वीज घेतं. सैल जोडाचा अडथळा पाव ओहम धरला, तरी तिथे 25 वॅटची उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे झाळ लावायची लहान इस्त्री असते ना, ती 25 वॅटची. तेवढी इस्त्री टॉपच्या आत दिवसभर पेटलेली! सोसाट्याने फिरणाऱ्या यंत्राचा थरथराट वेगळाच.

शिशाऐवजी तांब्याच्या तारांवर बारीक नळीसारखं थिंबल चढवून ते दाबायच्या पकडीने दाबतात. साध्या पकडीने चेचायचं नाही, तसं केलं की निम्म्या तारा मोकळ्या राहतात. थिंबल नसेल तर तारा घट्ट पिळायच्या, आणि स्क्रूच्या डोक्याखाली गुंडाळायच्या असतील तर घड्याळाच्या दिशेने, म्हणजे स्क्रू आवळताना त्या आत ओढल्या जातात. आवरण दाताने सोलायचं नाही. त्यात चार तारा तुटतात आणि उरलेल्यांवर भार येतो.

आणखी एक प्रकार सरांनी दाखवला. त्यात स्क्रूच नसतो, पोलादी स्प्रिंग वायरीला दाबून धरते. थरथराटात स्क्रू ढिला पडतो, स्प्रिंग मात्र वायरीच्या मागे मागे सरकत दाब कायम ठेवते. पॅनेलमध्ये आणि रेल्वेच्या डब्यांत असे जोड वापरतात. आमच्या टॉपला ते नाहीत, पण पाहून बरं वाटलं.

टॉपच्या आंतरराष्ट्रीय मानकात एक चाचणी आहे. वायर बसवलेला टॉप धरून वायरीला शंभर वेळा ओढ देतात आणि वायर दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली तर टॉप नापास. आम्ही आमच्यापुरती तीच चाचणी केली. पट्टीच्या तोंडाशी वायरीवर पेनाने रेघ मारली आणि दर सोमवारी, टॉप काढून ठेवलेला असताना, वायर ओढून बघतो. रेघ बाहेर आली की यंत्र बंद. नवा टॉप आयएसआय खुणेचा, 16 अँपिअरचा घेतला. स्वस्तातल्यापेक्षा थोडा महाग पडला, आणि त्यावर बैठकीत वादही झाला. शिवाय बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. त्याचं काम वायरमनलाच सांगितलं, ते आपण करायचं नाही.

मावशी पंधरा दिवसांनी परत कामावर आल्या. अजून पत्र्याला हात लावायच्या आधी विचारतात, "सोमवारची रेघ कुणी बघितली गं?"