झाडावर चढणाऱ्याचा दोर



वैशाख लागला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत फांद्या छाटण्याची घाई सुरू होते. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याची आठवण ठेवून आपण परवानगी काढतो, दरही ठरवितो. झाडावर जो चढणार, त्याच्या कमरेचा दोर कसा आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज बोलावयाचे आहे ते या चार हात दोराविषयी.

गोराई-मनोरीकडे ताडामाडांवर चढण्याची विद्या जुनी आहे. ताडाचे खोड सरळ, वाटेत फांदी नाही. म्हणून खोडाभोवतीचे एकच कडे शेंड्यापर्यंत सरकवीत नेता येते. गुलमोहराचे तसे नाही. पुरुषभर उंचीवर बेचके लागले की दोर सोडून वर बांधावा लागतो, आणि तेवढा वेळ माणूस केवळ हातापायांच्या भरवशावर असतो. म्हणून दोर दोन हवेत. वरचा बांधल्यावाचून खालचा सोडावयाचा नाही.

आता दोर कशाचा असावा? काथ्याचा दोर सालीला धरतो, पण ताकदीने उणा. बाजारातला स्वस्त पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हाने ठिसूळ होतो आणि घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळतो. नायलॉन त्याहून अधिक उष्णता सोसतो आणि किंचित ताणला जाऊन झटका पचवितो. कोयता-करवतीच्या कामास पोलादी तारेचा गाभा असलेला दोर बरा. मात्र विजेच्या तारांजवळ तो नको, आणि यंत्राच्या करवतीपुढे त्यावरही भिस्त नको.

लांबीही बदलती हवी. बुंधा जाड, फांदी बारीक. ढिला राहिलेला दोर पडणाऱ्याला तितकाच मोठा हिसका देतो. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली एक गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचा फासा मुख्य दोरावर तीन वेळा गुंडाळला की, तो मोकळा असता सरकतो आणि भार पडताच आवळतो. या एका गाठीने दोर हवा तेवढा लांब-आखूड करता येतो. मात्र दोरी मुख्य दोराहून पुरेशी बारीक हवी, नाहीतर गाठ धरीत नाही.

तेव्हा यंदा दर ठरविण्यापूर्वी दोर मागून घ्या. उजेडात धरून बोटांखालून सरकवा. कुठे चिरलेला, वितळून कडक झालेला किंवा मधेच बारीक झालेला आढळला, तर काम थांबवा. दोर दोन आहेत का, तेही मोजा. नसतील तर दुसऱ्याची किंमत आपल्या दरात धरा. झाड आपल्या अंगणातले आहे. तो खर्चही आपलाच आहे.