स्फटिक : श्रद्धा आणि विवेक



जिनमंदिरातील स्फटिकाच्या मूर्तीसमोर उभे राहिले की मन निवते. या पाषाणाने मानवाला प्राचीन काळापासून मोहविले आहे. ग्रीकांनी त्यास कायमचे गोठलेले हिम मानले. स्फटिकगोलातून सूर्यकिरण एकवटून शरीरास डाग देण्याची वैद्यांची रीत रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात नोंदविली. भारतीय रसशास्त्राने स्फटिक शीतवीर्य व पित्तशामक मानला. दाह शमावा म्हणून त्याची माळ कंठी धारण केली जाऊ लागली. रत्नविद्येत जैन विद्वानही मागे नव्हते. अल्लाउद्दीन खिलजीच्या राजसेवेतील श्रावक ठक्कुर फेरू यांनी १३१५ साली प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ हा ग्रंथ रचला.

स्फटिक हातास गार लागतो हे खरे. कारण तो शरीराची उष्णता काचेपेक्षा लवकर वाहून नेतो. मात्र त्या स्पर्शाने रोग बरा होतो, हे वैद्यकशास्त्रात सिद्ध झालेले नाही. माळ जपासाठी अवश्य असावी. परंतु तिच्या भरवशावर रुग्णाचे औषध थांबवू नये. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या श्रावकाने आपले सुखदुःख एका खड्याच्या स्वाधीन करणे कितपत उचित?

आचार्य कुंदकुंदांनी ‘समयसारा’त स्फटिकाचाच दृष्टान्त दिला आहे. शुद्ध स्फटिक स्वतः तांबडा होत नाही. अन्य रंगीत द्रव्याच्या योगाने तसा भासतो. तद्वत आत्मा स्वभावतः शुद्ध असून रागादी दोषांनी रंगलेला दिसतो. हा बोध अंतरी ठसला, तर हातातील माळ सार्थ झाली. सम्यग्दर्शन, सम्यग्ज्ञान व सम्यक्चारित्र हीच आपली खरी रत्ने होत.

जयजिनेंद्र!