जुनी गाडी ठेवावी की काढावी?



आमच्या कुंभारीच्या घरासमोर एक पांढरी मारुती ८०० उभी असते. २००४ साली घेतली. तेव्हा मी शिक्षक होतो आणि गल्लीत दुसरी चारचाकी नव्हती. आज तिचा काटा दोन लाख चौदा हजार किलोमीटरच्या पुढे आहे. मुलांच्या शाळा, आईची औषधं, शेजारच्या सुनेची अवघडलेली रात्र, अक्कलकोटच्या वाऱ्या, सगळं या एका गाडीनं ओढलं. तिच्याविषयी बोलताना माझा आवाज थोडा हळवा होईल. पण आज बोलायचं आहे ते हिशेबाचं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन करून सोलापूरहून परत येत होतो. दुपारचे दोन, डोळ्यावर पट्टी, आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. निम्म्या वाटेत बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी थांबली. रस्त्याकडेच्या लिंबाखाली ती दीड तास पदर डोळ्यावर धरून बसली. एका टेंपोवाल्यानं आम्हाला घरी सोडलं.

त्याच रात्री पुण्याहून मुलाचा फोन. "अण्णा, आता पुरे. दुरुस्तीला अठ्ठावीस हजार सांगतायत आणि गाडीला कुणी तीस हजार देत नाही. कशासाठी ठेवायची?"

मुलाचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं. बहुतेक घरांत निर्णय असाच होतो. पण दुरुस्तीची तुलना जुन्या गाडीच्या बाजारभावाशी करायची नसते, ती करायची दुसऱ्या गाडीच्या वर्षाच्या खर्चाशी. मी वही काढली. पाच लाखांची गाडी, एक लाख रोख आणि चार लाखांचं कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ८३०० रुपये, म्हणजे वर्षाला लाखभर. विमा वेगळा. माझ्या पेन्शनला हा हप्ता जड आहे.

"नवी गाडी ॲव्हरेज जास्त देते," असं म्हणतात. देते. जुनी लिटरला १६ आणि नवी २० देते असं धरा. माझं फिरणं वर्षाला पाच हजार किलोमीटर. वाचलं किती? बासष्ट लिटर, म्हणजे साडेसहा हजार रुपयांच्या आसपास. तेवढ्यासाठी लाखाचा हप्ता कोण घेईल? पण हाच हिशेब वर्षाला चाळीस हजार किलोमीटर भाड्यानं फिरणाऱ्याचा करा. त्याचे पाचशे लिटर वाचतात. त्यानं जुनी गाडी धरून बसणं हे नुकसानच. म्हणजे गाडी किती जुनी यापेक्षा ती किती चालवायची आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दुसरा प्रश्न मला आमच्या मिस्त्रीनं शिकवला. ते म्हणाले, "गुरुजी, इंजिनाचं नंतर बघू. आधी खालून बघा." गाडी वर उचलून त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं तळाचा पत्रा ठोकून पाहिला. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार घेते. इंजिन पुन्हा बांधता येतं, पण गंजून पोकळ झालेल्या पत्र्यावर पैसे घालणं म्हणजे रांजणाला भोक असताना पाणी भरणं. आमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पत्रा शाबूत निघाला. कोकणातल्या गाडीचं उत्तर कदाचित वेगळं आलं असतं.

तिसरा प्रश्न सुरक्षेचा. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. नव्या गाडीत चालकासाठी ती २०१९पासून आणि शेजारच्या आसनासाठी २०२२पासून सक्तीची झाली. अक्कलकोट रस्ता चौपदरी झाल्यावर वेगही वाढले. इथं कितीही हिशेब केला तरी जुनी गाडी हरते, हे कबूल केलं पाहिजे.

चौथा प्रश्न कागदांचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी सहाशेवरून पाच हजार झालं आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५मध्ये दहा हजार. पर्यावरण कर निराळा. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, तेव्हा जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील तपासून घ्यावेत.

आपल्या सोलापूरला या विषयाचा एक धागा आहे. वालचंद हिराचंद इथलेच, जन्म १८८२चा. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. त्याच कंपनीची पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या धावली. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये वयोमर्यादा संपल्यानं थांबली. लोक हळहळले, पण नियम पाळला गेला. प्रेम असलं तरी मुदत असावी लागते.

आता माझं काय झालं ते सांगतो. वही मिटवताना मिस्त्रींनी तो फुटलेला पाण्याचा पाइप हातात दिला. "गुरुजी, हा दिवाळीतच बदला म्हटलं होतं ना?" म्हटलं होतं. पाइप तडकला होता, किंमत काहीशे रुपये, आणि मी आज-उद्या करत राहिलो. त्या दुपारी तापमानाचा काटा चढताना मला दिसलाही होता. घर जवळ आलं म्हणून मी रेटत राहिलो, म्हणून हेड गॅसकेट गेलं. दोष गाडीच्या वयाचा नव्हता, माझ्या चालढकलीचा होता.

पत्नीला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "ठेवायची तर ठेवा. पण मला पुन्हा असं बसवू नका."

तिच्या या एका वाक्यावर निर्णय झाला. गाडी दुरुस्त केली. पण तिची हद्द ठरवली : गाव आणि दिवसाउजेडी सोलापूर, बस्स. लांबच्या प्रवासाला एसटी, दवाखान्याच्या मोठ्या कामाला भाड्याची गाडी. पाइप, पट्टे, ब्रेक दर सहा महिन्यांनी तपासायचे, मोडण्याची वाट बघायची नाही. आणि हप्त्याऐवजी दरमहा चार हजार रुपये पोस्टाच्या आवर्ती ठेवीत. २०२९ साली नोंदणीची मुदत संपेल तेव्हा दुसऱ्या गाडीचा निम्मा पैसा हाताशी असेल आणि ही गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला देऊन जमा प्रमाणपत्र घेईन. भंगारवाल्याला कधीच देणार नाही. नोंदणी रद्द झाली नाही तर गाडी कागदावर आपल्याच नावावर राहते. विकायची असेल तरी आधी नावबदल करून घ्यावा.

तुमचं उत्तर माझ्यासारखंच येईल असं नाही. पण विकण्याआधी किंवा नवी बुक करण्याआधी एकदा वही काढा, गाडी खालून बघा, आणि तिच्यात बसणाऱ्या माणसाला विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)