शिक्षकांनो, वर्गातले लिहा



भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या शाळेत श्रुतलेखनाच्या वह्या तपासायला घ्या. ‘डोळा’च्या जागी ‘डोरा’, ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ हमखास सापडेल. पटकन लाल शाईची रेघ ओढली जाते. मुलाने मात्र घरी आपल्या भागातल्या झाडीबोलीत जे ऐकले, तेच इमानदारीने लिहिलेले असते. हे ओळखून, मुलाला न दुखावता प्रमाण मराठीकडे नेणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. पण त्यांची युक्ती शेजारच्या गावच्या शाळेपर्यंतही पोहोचत नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नसते.

शिक्षकांना स्वतः शिकण्याची साधने आज हाताशी आहेत. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ आले. २०१९ मध्ये सुरू झालेले शिक्षकांचे ‘निष्ठा’ प्रशिक्षण कोरोनाच्या काळात त्याच दीक्षावर आले. घरबसल्या अभ्यासक्रम पूर्ण होतो, प्रमाणपत्र मिळते. त्याचा उपयोग आहेच. पण ऐकलेले वर्गात करून पाहिले, त्यातले काय जमले आणि काय फसले हे लिहून काढले, तरच ते शिक्षकाच्या अंगी मुरते.

शिक्षकांसाठी लिहिण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ हे मासिक काढले. त्याआधी त्यांची लेखणी घडली ती ‘शालापत्रक’ या शिक्षणविषयक मासिकात. त्या काळी छापखाना लागे. आता फोनवर मराठीत बोलले तरी अक्षरे उमटतात.

नोंद लांबलचक नको. आज काय शिकवायचे होते, मुलांनी काय केले, कुठे अडले, उद्या काय बदलणार, एवढे पुरे. मुलाचे नाव लिहू नका, त्याची अडचण लिहा. ती नोंद केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचा, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. तुमसरचा, पवनीचा शिक्षक त्यात आपली भर घालेल. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द जमवून कोश केला. त्या बोलीत वाढणाऱ्या मुलांना कसे शिकवावे, हे मात्र रोज वर्गात उभे राहणाऱ्यांनीच लिहायचे आहे.

शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमचा अनुभव निवृत्तीबरोबर घरी नेऊ नका. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की पंधरा मिनिटे बसा आणि पहिली नोंद लिहा. तुमच्यानंतर त्या वर्गात येणाऱ्या नव्या शिक्षकाला तिचा आधार होईल.